तिसरं लहान पान

१

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी पत्ते खेळायला जाते. दुसरा पर्याय पाण्यातल्या व्यायामाचा होता. मर्ल, म्हणजे माझा नवरा, गेला त्यानंतर आमच्या मुलीनं, जोएलनं, बॉइसीहून फोनवर धोशाच लावला, "आई, घरात नुसती बसून राहू नकोस. काहीतरी शीक." मी म्हटलं, डोक्याला रबरी टोपी घालून तलावात उड्या मारण्यापेक्षा जुगार परवडला. ती हसली. मला वाटतं, हसली.

मर्ल हाच खेळ खेळायचा, इथेच, रेनोत, याच जुगारघराच्या मागच्या खोलीत. मला कधी शिकवला नाही. "तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं," म्हणायचा. असेल. माझा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. मागची कार्टी काय करताहेत ते आरशात बघायचं, हेच काम. माझ्या स्वतःच्या तोंडावर काय लिहिलंय ते बघायला सवड कुणाला होती?

खोली साधीच आहे. हिरवं टेबल, जुना गालिचा, भिंतीपलीकडे यंत्रांची सारखी किणकिण. पानं वाटणाऱ्याच्या पाठीमागे भिंतभर आरसा. पानं वाटतो तो टेओ. मनिलाचा आहे, सगळ्यांना मॅडम आणि सर म्हणतो, आणि कुणाचाही हात चुकीचा वाचत नाही. माझ्या उजवीकडे डेल्बर्ट बसतो. पूर्वी तो खाणींची मोजणी करायचा, आता लोकांच्या चुका मोजतो. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्यावर हात साफ केला.

मधे पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. आपल्या हातात चार, ती आपली. मधे चार बदाम आले आणि माझ्याकडे बदामचा एक्का. मी झोकात पानं टाकली, म्हटलं, "रंग झाला."

"कुठाय रंग?" डेल्बर्ट म्हणाला.

"हा काय, पाच बदाम."

"अगं बाई, हातातली दोनच घ्यायची, मधली तीनच घ्यायची. एक नाही, तीन नाही, दोन. तुझ्या हातात बदाम एकच. हा रंग नाही, रंगपंचमी आहे."

टेओनं माझी पानं अलगद गोळा केली. "पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं, मॅडम," तो म्हणाला. डेल्बर्टचं म्हणे झालं नव्हतं.

२

या खेळात डावाचे दोन वाटे होतात. मोठ्यात मोठा हात ज्याचा, त्याला वरचा. लहानात लहान ज्याचा, त्याला खालचा. लहान म्हणजे अठ्ठीपर्यंतची पाच वेगवेगळी पानं, आणि एक्का लहानातही धरतात. हातात एक्का-दुर्री असली की खालचा वाटा बहुधा आपला. मला हे फार आवडलं. जन्मभर मोठ्यांचंच फावलेलं बघितल्यावर लहानालाही काही मिळतं हे बरं वाटतं.

पण कुणाकडे अगदी तसंच लहान निघालं, तर त्या अर्ध्याचेही दोन भाग करायचे. मग हातात येते चौथाई. डाव जिंकून गाठीचं गमावायचं, असा प्रकार.

मला चौथाई फार वेळा मिळायला लागली. समोर सहाव्या खुर्चीवर रोवेना बसायची. माझ्याच वयाची, राखाडी स्वेटर, गोड स्वभाव. नाव ठेवायला जागा नाही अशी बाई. ती कधीपासून येते, हे मी एकदा डेल्बर्टला विचारलं, तर तो म्हणाला, "आहे की पहिल्यापासून." मला वाटत होतं, ती माझ्यानंतर आली. डावात पैशांऐवजी लावतात त्यातल्या दोन चकत्या ती एका हातात घेऊन एकमेकींवर वाजवायची. टिक, टिक. मधे थोडं थांबायचं, पुन्हा टिक, टिक. मी एक्का-दुर्री दाखवली की तीही एक्का-दुर्री दाखवायची आणि म्हणायची, "अगं आर्डिस, पुन्हा आपण दोघी."

खेळताना माणसं बोलतात. हवा, गुडघे, नातवंडं. एकदा थंडीचा विषय निघाला आणि मी मर्लची गोष्ट सांगितली. बस मी घरीच आणून लावत असे. हिवाळ्यात मी उठायच्या आत मर्ल बाहेर जायचा आणि बसच्या चाकावर, म्हणजे मी हातात धरते त्या चाकावर, गरम पाण्याची पिशवी बांधून यायचा. स्वतःच्या मोज्यात गुंडाळून. माझे हात गारठू नयेत म्हणून. कधी बोलून दाखवलं नाही त्यानं. मोज्याला भोक होतं, त्यातून रबर दिसायचं.

"असा नवरा मिळायला पुण्य लागतं," रोवेना म्हणाली. टिक, टिक.

पुढच्या आठवड्यात पुन्हा थंडी निघाली. टेओ म्हणाला, "रोवेना मॅडम, ते तुमच्या मिस्टरांचं सांगा ना. मोज्यातली पिशवी."

तिनं सांगितलं. छान सांगितलं. भोकासकट.

मी टेबलाकडे बघत बसले. कुणीतरी हसेल, कुणीतरी म्हणेल, अहो, ही तर आर्डिसची गोष्ट. कुणी म्हणालं नाही. डेल्बर्टनं नाक शिंकरलं आणि म्हणाला, "तू ऐक, आर्डिस. याला म्हणतात संसार."

३

म्हातारपणी असं होतं. ऐकलेलं आपलं वाटतं, आपलं ऐकलेलं वाटतं. टेबलावर चार म्हातारे, सगळ्यांच्या गोष्टींची खिचडी होणारच. गाडी चालवत घरी येईपर्यंत मी स्वतःला हे नीट पटवून दिलं.

घरी येऊन पिशवी शोधली. न्हाणीघराच्या दाराला अडकवलेली होती. म्हणजे झालं की! मी ती हातात घेतली आणि मर्ल बर्फातून चालत बसकडे जातोय, ते डोळ्यांपुढे आणायला लागले. आलं ते असं आलं: रोवेना सांगतेय, तिच्या नवऱ्याच्या पायात बूट आहेत, तो बर्फातून चाललाय. मला प्रसंग सगळा आठवत होता. ओळ न ओळ. पण बघितल्यासारखा नाही, ऐकल्यासारखा.

मी पिशवी पुन्हा दाराला अडकवली. रडू यायला हवं होतं, आलं नाही. हे मी आता सांगतेय तेही कसं कोरडं येतंय बघा. ती गोष्ट माझी राहिलेली नाही, म्हणून तर मोकळेपणानं सांगता येतेय.

रविवारी संध्याकाळी जोएलचा फोन आला. दर रविवारी यायचा. मी विचारलं, "बाबा बसच्या चाकाला गरम पिशवी बांधायचे, आठवतं तुला?"

"बाबा?" ती म्हणाली. "नाही गं. कुठली पिशवी?"

ती लहान होती, झोपलेली असायची. आठवणार कसं? हेही मी स्वतःला पटवलं. पटवण्यात मी वस्ताद आहे.

४

त्या शुक्रवारी मी नासणं काय असतं ते शिकले.

माझ्या हातात एक्का-दुर्री होती. मधे तिर्री, पंजी, अठ्ठी. खालचा वाटा माझाच, मी मनात मोकळीही झाले. मग टेओनं चौथं पान उलटलं. एक्का.

"गेली," डेल्बर्ट म्हणाला.

"का गेले? उलट अजून एक एक्का आला की."

"तोच तर घोळ आहे. मधे पडला म्हणजे एक्का आता सगळ्यांचा. सगळ्यांचा झाला म्हणजे तुझा राहिला नाही. तुझ्या हातातला नासला."

शेवटचं पान राजा पडलं. रोवेनानं दुर्री आणि चौकी टाकली. मधला एक्का तिला फुकट मिळाला होता, तिर्री आणि पंजीही. एक, दोन, तीन, चार, पाच. माझं अठ्ठीपर्यंतचं लहान तिच्यापुढे मोठंच ठरलं.

"म्हणून हातात तिसरं लहान पान ठेवावं," डेल्बर्ट म्हणाला. "एक नासलं तर दुसरं उपयोगी पडतं. तिसरं नसेल तर बसूच नये या टेबलावर. आणि चौथाई पदरात घेऊन ज्याला हसता येतं ना, त्यालाच हा खेळ आला म्हणायचं. उरलेले सगळे विद्यार्थी."

रोवेना माझ्याकडे बघून हसली. "वाईट वाटून घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "यांनाही सुरुवातीला असंच व्हायचं. हिवाळ्यात हात गारठलेले असायचे ना, पानं नीट धरता यायची नाहीत."

यांना म्हणजे कुणाला? माझ्या डोक्यात तिडीक गेली. रागात माणूस जे करू नये तेच करतो. मी ठरवलं, हिला असं काहीतरी दाखवायचं जे हिला आपलं म्हणताच येणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"माझी जोएल बसमध्ये जन्मली," मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्या टेबलाला. "पिरॅमिड तळ्याच्या रस्त्यावर. मुलांना सोडून परत येत होते. वादळ, समोरचं दिसत नव्हतं. बस कडेला घेतली आणि पुढच्या बाकावर एकटीनं बाळंत झाले. बाळाला प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पट्ट्यांत गुंडाळलं. मर्ल आला तेव्हा आम्ही दोघी ड्रायव्हरच्या खुर्चीत होतो, काच पुसायचे दांडे चालूच होते."

बोलता बोलता मी सवयीनं वर आरशात बघितलं. मागे कोण काय करतंय ते बघायची सवय, जात नाही. टेओची मान, डेल्बर्टची टोपी, मी. माझे ओठ हलत होते. रोवेनाचेही हलत होते. मी बोलत होते तेच शब्द, आवाज न करता. शाळेत मुलं कविता म्हणणाऱ्याबरोबर पुटपुटतात, तसं. पण मुलं मागून येतात. तिचे ओठ माझ्याआधी हलत होते, थोडेसेच आधी.

मी आरशातून नजर काढून समोर बघितलं. ती ओठ मिटून, मान कलती करून, कौतुकानं ऐकत होती.

"हो ना," ती हळूच म्हणाली. "दांडे चालूच होते."

५

त्या रविवारी फोन आला नाही. माणसाला कामं असतात. सोमवारीही आला नाही.

मंगळवारी खेळ चालू असताना रोवेनाचा मोबाइल वाजला. खेळताना टेबलावर फोन घ्यायचा नाही असा नियम आहे. तिनं टेओकडे बघून एक मिनिट, अशी खूण केली आणि तोंड वळवलं. पलीकडचा आवाज बारीक होता, भिंतीमागे यंत्रांची किणकिण होती, पण बस चालवणाऱ्या बाईला गोंगाटातला एक आवाज वेगळा काढता येतो. "आई," पलीकडून आलं, "जेवलीस का?"

माझी पाळी होती. टेओ दोनदा म्हणाला, "मॅडम." मी पानं टाकून दिली. काय होती ती बघितलीही नव्हती.

घरी आल्यावर मीच जोएलला फोन लावला. नंबर तोच होता.

"कोण? अगंबाई, आर्डिस मावशी!" तिचा आवाज एकदम घाबरला. "आई बरी आहे ना? काही झालं नाही ना तिला?"

मी म्हटलं, आई बरी आहे.

"हुश्श. तुम्ही कधी फोन करत नाही ना, म्हणून दचकले. बरं झालं तुम्ही आहात तिच्याबरोबर. बाबा गेल्यापासून ती फार एकटी पडली होती."

"हो," मी म्हटलं. "पडली होती."

फोन ठेवला आणि फोटो काढून बसले. बसच्या पायरीवर जोएल, मर्लच्या खांद्यावर जोएल, तळ्याकाठी जोएल. फोटो नेहमी मीच काढायचे. त्यामुळे मी एकाही फोटोत नाही. कपाटात कागद होते, जन्माचा दाखला होता. तो काढून बघता आला असता. मी कपाटाला हात लावला नाही. त्यावर दुसरं नाव असतं तर मी काय करणार होते? आणि माझंच नाव असतं, तर त्याहून काय करणार होते?

डॉक्टरांकडे मात्र गेले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे." मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

६

माझ्याकडे तिसरं पान आहे.

जोएलचं आणि माझंच आहे ते. मर्ललाही माहीत नव्हतं. फार लहानशी गोष्ट आहे. ती काय, ते मी इथे सांगणार नाही. आधीच्या दोन मी सांगितल्या कारण त्या गेल्यातच जमा आहेत. ही अजून माझी आहे. मनात आणली की बघितल्यासारखी येते, ऐकल्यासारखी नाही. त्यात वास आहे, थंडी आहे, तिचा हात आहे.

मी टेबलावर बोलणं बंद केलं. हवेबद्दलसुद्धा नाही. डेल्बर्ट म्हणाला, "काय गं, जीभ गहाण टाकलीस की काय?" मी मान हलवली. रोवेना मात्र वाट बघायची. चकत्या वाजवायची आणि मधेच थांबून विचारायची, "आणि मग, आर्डिस?" जसं काही मी अर्धं वाक्य सोडलं होतं.

न जाणं सोपं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण ते टेबल सोडलं असतं तर माझ्या मुलीची खबर मला कुणी दिली असती?

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जोएल आली. आईला घ्यायला. ती दारातून आत येत होती तेव्हा मी तिला आरशात बघितलं. केस कापले होते, बारीक झाली होती. ती सरळ चालत आली आणि रोवेनाच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखते. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ठाऊक होतं, पण बिळाला नागोबाच आवडायला लागतो, हे नव्हतं ठाऊक.

"या आर्डिस मावशी ना?" जोएल म्हणाली. "आई सारखी तुमच्याबद्दल बोलते. तुमच्यासाठी पम्पकिन पाय आणलाय, भोपळा भरून भाजलेला, कडा जरा करपल्यात." कडा नेहमीच करपायच्या. ओव्हन बंद करायला ती नेहमी विसरते.

ती पुढे वाकून डबा देत होती, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत थांबली. कपाळाला बारीक आठी पडली. रस्ता ओळखीचा वाटतो पण वळण आठवत नाही, तेव्हा पडते तशी. डबा आमच्या दोघींच्या हातात होता. एवढी एकच गोष्ट मी बोलले असते, दोन शब्द, तर तिला वळण सापडलं असतं. मला पक्कं माहीत होतं. जीव तोडून बोलावंसं वाटत होतं.

चकत्यांचा आवाज थांबला होता. रोवेना हालत नव्हती. तिचे ओठ किंचित उघडलेले होते, तयारीत.

या खेळात पानं उघडल्याशिवाय वाटा मिळत नाही. आणि उघडली की ती सगळ्यांची.

"तुमची पाळी, मॅडम," टेओ म्हणाला.

"मी नाही," मी म्हटलं, आणि पानं पालथी सरकवली. डबा घेतला. जोएलला म्हटलं, "थँक यू हं." ती अजून क्षणभर बघत होती. मग आपल्या आईला कोट घालायला मदत करायला गेली.

७

त्या रविवारी संध्याकाळी, जुन्याच वेळेला, फोन वाजला.

"आर्डिस मावशी, मी जोएल. रागावू नका, एक विचारू? माझ्या लहानपणीची एक गोष्ट आहे, आईला काही केल्या आठवत नाहीये. ती म्हणते, तुम्हाला माहीत असेल. मलाही नीट आठवत नाही, पण काहीतरी होतं खास. बसमधलं. त्याशिवाय मला चैन पडत नाहीये. शुक्रवारी तुम्हाला बघितल्यापासून."

माझी मुलगी मला मागत होती. स्वतःच्या तोंडानं. मी फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडून तिचा श्वास ऐकू आला. आणि त्यामागे, खोलीच्या आतल्या बाजूला कुठेतरी, टिक, टिक.

"नाही हो," मी म्हटलं. "मला नाही काही आठवत."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. मी पुन्हा करेन फोन. तुम्हाला आठवलं तर सांगाल ना?"

ती करते. दर रविवारी करते. आधी विचारते, जेवलात का, गुडघा कसा आहे, बर्फ पडलं का. मग ते विचारते. मी म्हणते, आठवत नाही. ती म्हणते, बरं, पुढच्या रविवारी. मी नाही म्हणतेय तोवर ती विचारत राहणार. चौथाई आहे, पण पदरात पडते. डेल्बर्टला मी सांगितलं नाही, तरी परवा तो म्हणाला, "हसायला लागलीस की. आला तुला खेळ."

गेल्या रविवारी मी नेहमीसारखं म्हटलं, "मला नाही आठवत." फोन ठेवला. मग खुर्चीत बसून, रोजच्यासारखी, ती गोष्ट मनात आणली, जागेवर आहे ना ते बघायला. यायला वेळ लागला. आली. वास होता, तिचा हातही होता. थंडी नव्हती.

मी स्वेटर काढून ठेवला, खिडकी उघडली आणि थंडी आठवेपर्यंत तिथेच उभी राहिले.